थायरॉईडची गोळी आणि आपल्या लेकी-सुना



कंठातील थायरॉईड ग्रंथीचा स्राव उणा पडला म्हणजे शरीराचा सारा व्यवहार मंदावतो. १८९१ साली इंग्लंडातील डॉ. जॉर्ज मरे यांनी अशा एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्या उपचाराच्या आधारे ती पुढे २८ वर्षे जगली. आजची थायरॉक्सिनची गोळी त्याच तत्त्वावर चालते. ती ग्रंथीस चेतवीत नाही, उणा स्रावच भरून काढते. म्हणून बरे वाटले तरी ती मनाने सोडावयाची नसते. रक्तातील तिचा अंश निम्मा होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे सोडल्याची हानी तत्काळ दिसत नाही.

विवाह जुळविताना ही गोळी लपविणे आम्हांस घातक वाटते. संकोचापायी ती सासरी सुटू शकते. आणि पहिले सुमारे तीन महिने गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच स्रावावर अवलंबून असते. वधूपक्षाने मोकळेपणी सांगावे, वरपक्षाने त्यात उणेपणा मानू नये. सुनेला ती गोळी सकाळी उपाशीपोटी, सर्वांदेखत घेता यावी, एवढीच आमची विनंती.