सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा
(विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यानाचा मजकूर)



सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या दृश्य रेषांपेक्षा कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा अधिक ठळक दिसतात. मग सूर्यावर कॅल्शियम विपुल आणि हायड्रोजन अल्प, असे मानावे काय? तसे मानणे चूक ठरते. त्याचे कारण अणूंच्या ऊर्जावस्थांमध्ये आहे.

अणूतील इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनच्या अणूसाठी ही कल्पना मांडली. सर्वांत कमी ऊर्जेची ती मूल अवस्था. तिच्यावरील सर्व उत्तेजित अवस्था. हायड्रोजनची मूल अवस्था उणे १३.६, तर पहिली उत्तेजित अवस्था उणे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्टवर असते. म्हणजेच पहिली पायरी चढण्यासाठी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. मूल अवस्थेतील अणूला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळाल्यास इलेक्ट्रॉन सुटतो आणि आयन उरतो. ज्या आयनात इलेक्ट्रॉन शिल्लक असतात, त्यालाही स्वतःची मूल व उत्तेजित अवस्था असते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

हायड्रोजनच्या दृश्य शोषणरेषा पहिल्या उत्तेजित अवस्थेपासून सुरू होतात. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन आहे. या तापमानाला अब्जावधी अणूंपैकी मोजकेच, अब्जामागे जेमतेम पाच-सहा, त्या अवस्थेत असतात. कॅल्शियमचे तसे नाही. त्याचा एक इलेक्ट्रॉन सुटण्यास ६.११ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. म्हणून तेथे बहुतेक कॅल्शियम आयनरूपात असते. हे आयन मुख्यतः मूल अवस्थेत असतात आणि ३९३.४ व ३९६.८ नॅनोमीटरच्या रेषा त्याच अवस्थेतून उमटतात. रेषेचा ठळकपणा केवळ मूलद्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर योग्य अवस्थेतील अणूंच्या संख्येवरही अवलंबून असतो.

तापमान, दाब आणि आयनीभवन यांचा हा संबंध मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात बांधला. त्याच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजन सर्वाधिक असल्याचे गणित मांडले. तत्कालीन मत विरोधी असल्याने त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष बहुधा वास्तव नसावा असे नमूद केले. १९२९ मध्ये हेन्री नॉरिस रसेल यांनी तो मान्य केला. आज सूर्याच्या बाह्यस्तरातील वस्तुमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजनचा मानला जातो.

साहा प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाहीत. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे ते सदस्य होते आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले.

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली घडविलेली ‘सूट’ ही दुर्बीण आहे. कॅल्शियम आयनाच्या ३९६.८ नॅनोमीटरच्या रेषेतून सूर्य टिपण्याची तिची क्षमता आहे. शतकापूर्वी ज्या रेषेचा अर्थ कागदावर उलगडला, तीच रेषा आज अवकाशातून सूर्याच्या वर्णावरणाची स्थिती सांगत आहे.