खेळाडूचे मनोबल

सोलापूर म्हटले की चादरी आणि गिरण्यांचे भोंगे आठवतात. परंतु 1955 साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा काढून भारतातर्फे कसोटीतील पहिले द्विशतक झळकाविणारे पॉली उम्रीगर यांचे बालपणही याच शहरात गेले. मनोबलाचा विचार करताना मात्र त्यांच्या यशापेक्षा एका अपयशाकडे आधी पाहणे उपयुक्त ठरेल.

1952 च्या इंग्लंड दौऱ्यात उम्रीगरांनी एकंदर सोळाशेवर धावा केल्या. पण कसोटींतील सात डावांत मिळून अवघ्या 43. फ्रेड ट्रूमन या तरुण जलद गोलंदाजाने त्या मालिकेत 29 बळी घेतले. त्याच्यासमोर उम्रीगरांचे पाय स्क्वेअर लेगकडे सरकू लागत. उन्हाळा तोच, हात तेच, कौशल्यही तेच! त्यांना भित्रे ठरविणे सोपे होते आणि पुष्कळांनी तसे ठरविलेही.

भीती प्रथम पायांत उतरते, ही गोष्ट तालमीतील वस्तादांसही ठाऊक असते. छाती धडधडते, स्नायू ताठरतात, पाय हलला की डोके चेंडूच्या रेषेबाहेर जाते. अशा वेळी ‘भिऊ नकोस’ एवढे सांगितल्याने कोणाची भीती गेल्याचे ऐकिवात नाही. ‘मी बाद होणार नाही’ हा घोषही व्यर्थच. कारण त्यात मन बाद होण्याभोवतीच घुटमळत राहते. मनास करता येण्याजोगे काम द्यावयास हवे : गोलंदाजाच्या हातातून सुटणारा चेंडू पाहावयाचा, मागचा पाय जागीच ठेवावयाचा. दोन चेंडूंच्या मध्ये एक श्वास सावकाश सोडावा. सरावात प्रथम मऊ चेंडू, मग टणक, मग तोच जवळून फेकलेला, अशा पायऱ्यांनी भीतीची ओळख वाढवावी. धावपटूने शर्यतीतील अवघड टप्पा, मल्लाने निसटलेली पकड, डोळे मिटून मनात पुन्हा पुन्हा पार पाडावी. पण त्यास प्रत्यक्ष कष्टांचा पर्याय मानू नये.

आता पुन्हा उम्रीगरांकडे वळू. जानेवारी 1953 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांनी 130 आणि 69 धावा केल्या. वेस्ट इंडीजमधील त्या मालिकेत 560. तेथे मुख्य धोका रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांच्या फिरकीचा होता, हे सांगितलेच पाहिजे. ट्रूमनचे उत्तर अद्याप द्यावयाचे राहिले होते. ते 1959 मध्ये मँचेस्टर येथे मिळाले. याच मैदानावर 1952 साली भारताचे दोन्ही डाव एकाच दिवशी 58 आणि 82 धावांत आटोपले होते. आता ट्रूमन संघात असताना उम्रीगरांनी 118 धावा केल्या.

याहून कठीण प्रसंग मार्च 1962 मध्ये आला. बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीस गंभीर दुखापत झाली. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत उम्रीगर होते. एका सहकाऱ्याची अशी अवस्था पाहिलेल्या माणसाने पुन्हा जलद गोलंदाजीसमोर उभे राहावयाचे होते. पुढच्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, वेस्ली हॉलसारखा गोलंदाज समोर असता, त्यांनी 56 आणि नाबाद 172 धावा काढल्या, शिवाय एका डावात 107 धावांत 5 बळी घेतले. सामना वेस्ट इंडीजने सात गडी राखून जिंकला. उम्रीगर तेव्हा 36 वर्षांचे होते.