अँडरसन सिल्वा : एका मल्लाचे चढउतार

आखाड्यांतील कीर्ति ही मोठी चंचल वस्तु आहे. गायकाचा आवाज वयोमानानें खालावला तरी त्याची गायकी टिकते. लेखकाचा हात थरथरूं लागला तरी तो मजकूर सांगून लिहवून घेऊं शकतो. मल्लाचें तसें नाहीं. त्याचें भांडवल म्हणजे त्याचें शरीर, आणि तें भांडवल तिशी ओलांडली कीं दर वर्षीं थोडें थोडें घटत जाणार, हें ठरलेलें. त्यांतून ज्यानें एकदां जगज्जेतेपद मिळविलें, त्याचें चढणें जग जितक्या कौतुकानें पाहतें, तितक्याच कुतूहलानें त्याचें उतरणेंही पाहतें. ब्राझील देशाच्या अँडरसन सिल्वा या मल्लाचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद आहे. ज्या गुणानें तो चढला, त्याच गुणानें तो पडला. आणि ज्या एका गोष्टीनें त्याच्या नांवाला खरा उणेपणा आला, ती गोष्ट पराभव नव्हती.

सिल्वा ज्या खेळांत नांवारूपास आला, त्याला मिश्र युद्धकला म्हणतात. कुस्तींत प्रतिपक्षाची पाठ जमिनीला लागली कीं निकाल झाला. येथें तसें नाहीं. ठोसे, लाथा, गुडघे, धरपकड आणि जमिनीवर पडल्यानंतरचे सांधे पिरगाळण्याचे व गळा आवळण्याचे डाव, हें सर्व या खेळांत चालतें. पांच मिनिटांचा एक फेरा; साध्या झुंजींत बहुधा असे तीन फेरे, अजिंक्यपदाच्या झुंजींत पांच. एखादा मल्ल बेशुद्ध पडला, पंचानें झुंज थांबविली किंवा वेदना असह्य होऊन मल्लानें हातानें थापटून हार पत्करली, तर तेथेंच निकाल, नाहींतर गुणांवर. या खेळाचीं मुळें बऱ्याच अंशीं ब्राझीलमध्येंच आहेत. मित्सुयो माएदा हा जपानी मल्ल १९१४ सालीं त्या देशांत गेला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी यानें जुजुत्सूचे धडे घेतले आणि पुढें ग्रेसी घराण्यानें त्या विद्येला नवें वळण लावलें. १९९३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ची पहिली स्पर्धा झाली, ती याच घराण्यांतील रॉइस ग्रेसी यानें जिंकली.

अँडरसन सिल्वाचा जन्म १४ एप्रिल १९७५ रोजीं साओ पावलो शहरीं झाला. पण त्याचें बालपण गेलें तें दक्षिणेकडील कुरितिबा येथें, एका नातलग दांपत्याच्या घरीं. घरचा कर्ता पुरुष पोलीस खात्यांत नोकरीला होता. घरची स्थिति बेताची. जुजुत्सूची शिकवणी त्या घराला परवडण्यासारखी नव्हती. वयाच्या सुमारें चौदाव्या वर्षीं त्यानें तायक्वांदो ही कोरियन विद्या हातीं घेतली. त्यानंतर ब्राझीलची कापोएरा आणि सयाम देशाची मुष्टियुद्धाची पद्धति, ज्या पद्धतींत गुडघे व कोपरें यांचाही उपयोग होतो, या विद्या त्यानें आत्मसात् केल्या. पोटासाठीं त्यानें उपाहारगृहांत काम केलें, कचेरींत कागदपत्रें लावण्याचेंही काम केलें. कुरितिबांतील ‘शूट बॉक्स’ या नांवाजलेल्या तालमींत त्याचें अंग घडलें. देह उंच, सडपातळ, हातपाय लांबसडक. पुढें त्याला जें ‘स्पायडर’, म्हणजे जाळें विणणारा कोळी, असें टोपणनांव पडलें, तें त्याच्या अंगयष्टीला शोभण्यासारखेंच होतें.

पहिलें मोठें यश त्याला जपानांत लाभलें. ऑगस्ट २००१ मध्यें तोंपर्यंत अपराजित असलेल्या हायातो साकुराई याला नमवून त्यानें ‘शूटो’ संस्थेचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें ‘प्राइड’ या प्रसिद्ध जपानी स्पर्धेंतही त्याचा जम बसला. पण जून २००३ मध्यें दाइजू ताकासे या मल्लानें, ज्याच्याकडून त्याची हार होईल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें, त्याला जमिनीवर घेऊन त्रिकोणी पेचांत अडकविलें. या पेचांत प्रतिपक्षाची मान व एक हात दोन्ही पायांच्या कात्रींत धरून गळा आवळतात. सिल्वाला हार पत्करावी लागली. तो घाव त्याच्या मनाला एवढा लागला कीं, त्यानें हा खेळच सोडून देण्याचें मनांत आणलें. त्या वेळीं त्याचा देशबंधु अंतोनियो रोद्रिगो नोगेइरा यानें त्याला परावृत्त केलें, आणि पुढें त्याला जुजुत्सूंत तयार करून काळा पट्टाही दिला.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. २००४ च्या शेवटच्या दिवशीं र्‍यो चोनान यानें अकस्मात् उडी घेऊन त्याचे पाय कात्रींत पकडले, टाच पिरगाळली आणि हातची झुंज घालविली. जानेवारी २००६ मध्यें होनोलुलु येथें युशिन ओकामी गुडघ्यांवर असतांना सिल्वानें खालून नियमबाह्य लाथ मारली, म्हणून त्याला बाद ठरविण्यांत आलें. त्या वेळीं तिशी उलटलेल्या या मल्लाबद्दल कोणी फारशी आशा धरली नसती तर नवल नव्हतें.

पण त्याच वर्षीं भाग्याचें रहाटगाडगें फिरलें. जूनमध्यें तो अमेरिकेंतील अल्टिमेट संस्थेच्या आखाड्यांत उतरला आणि ख्रिस लेबेन याला त्यानें अवघ्या ४९ सेकंदांत गारद केलें. ऑक्टोबरमध्यें रिच फ्रँकलिन याला गुडघ्यांच्या प्रहारांनीं हतबल करून त्यानें मध्यम वजनाचें अजिंक्यपद घेतलें. तें पद त्यानें २,४५७ दिवस राखलें. लागोपाठ १६ झुंजी जिंकल्या आणि १० वेळां अजिंक्यपदाचें यशस्वी रक्षण केलें.

या यशाचें मर्म त्याच्या नजरेंत होतें. प्रतिपक्षाचा ठोसा किती अंतरावर संपणार, हें त्याला जणूं आधींच दिसे. म्हणून तो हात खालीं सोडून, चेहरा उघडा टाकून उभा राही. ठोसा येई तेव्हां मान केवळ वीतभर मागें घेई, आणि चुकलेल्या ठोशानें तोल गेलेल्या प्रतिपक्षावर स्वतःचा प्रहार करी. ऑगस्ट २००९ मध्यें फिलाडेल्फिया येथें आपल्याहून वरच्या वजनगटांतील फॉरेस्ट ग्रिफिन याला त्यानें असेंच, मागें सरतां सरतां मारलेल्या एका ठोशानें आडवें केलें. हात खालीं सोडणें हा त्याचा दिमाख नव्हता, तें त्याचें शस्त्र होतें. परंतु शस्त्राची धार व दिमाख यांतील सीमारेषा फार बारीक असते. एप्रिल २०१० मध्यें अबू धाबी येथें देमियान माइया याच्याशीं झुंजतांना त्यानें लढण्यापेक्षां वाकुल्या दाखविण्यांतच वेळ घालविला. तो जिंकला खरा, पण प्रेक्षकांनीं त्याचा धिक्कार केला.

यानंतर चारच महिन्यांनीं, ७ ऑगस्ट २०१० रोजीं, ओकलंड येथें त्याची खरी कसोटी लागली. चेल सॉनन हा अमेरिकन मल्ल झुंजीपूर्वीं महिनोन्‌महिने त्याची निंदा करीत होता. झुंज सुरू होतांच सॉनननें त्याला खालीं घेतलें आणि चार फेरे त्याच्यावर ठोशांचा वर्षाव केला. सिल्वाची बरगडी आधींच दुखावलेली होती. पांचव्या फेऱ्यांतील तीन मिनिटें उलटलीं. गुणांवर पराभव अटळ दिसत होता. इतक्यांत पाठीवर पडलेल्या सिल्वानें आपले लांब पाय सॉननच्या मानेभोवतीं टाकले आणि त्याचा हात ताणला. सॉनननें थापटून हार मानली. ज्या त्रिकोणी पेचानें २००३ सालीं सिल्वा जवळजवळ खेळांतून उठला होता, त्याच पेचानें त्यानें आपलें पद वांचविलें. पराभवाकडून शिकण्याचें यापरतें उत्तम उदाहरण क्वचित् सांपडेल. पुढच्या वर्षीं त्यानें व्हितोर बेलफोर्ट याला हनुवटीवरील एकाच लाथेनें लोळविलें आणि रिओ येथें ओकामीचा जुना हिशेबही चुकता केला.

पराभवानें त्याला जागें केलें होतें. विजयानें त्याला गाफील केलें. ६ जुलै २०१३ रोजीं लास व्हेगस येथें ख्रिस वाइडमन या तरुण मल्लासमोर त्यानें नेहमींप्रमाणें हात खालीं सोडले, ठोसा लागल्याचें व पाय लटपटल्याचें सोंग केलें. पण तो आतां अडतीस वर्षांचा होता. मान मागें जाण्यास निमिषमात्र उशीर झाला, वाइडमनचा डावा ठोसा जबड्यावर बसला आणि सोंग खरें झालें. सुमारें सात वर्षांचें राज्य एका क्षणांत गेलें. त्याच वर्षीं २८ डिसेंबरला पुन्हां झुंज झाली. दुसऱ्या फेऱ्यांत सिल्वानें मारलेली लाथ वाइडमननें गुडघा वर उचलून अडविली आणि सिल्वाच्या डाव्या नडगीचीं दोन्ही हाडें मोडलीं. त्याची किंकाळी ज्यांनीं ऐकली, ते ती विसरले नसतील.

शस्त्रक्रिया झाली, हाडांत धातूचा दांडा बसविला. पुन्हां चालणें हेंच मोठें, अशा स्थितींतून तेरा महिन्यांनीं, ३१ जानेवारी २०१५ रोजीं, तो आखाड्यांत परतला. निक डिआझवर त्याला गुणांनीं विजयी घोषित करण्यांत आलें, तेव्हां तो जमिनीवर पडून रडला. येथेंच ही कथा संपती तर ती केवढी उदात्त ठरती! परंतु त्याच्या तपासणींत शक्तिवर्धक निषिद्ध द्रव्यें आढळलीं. नेव्हाडा राज्याच्या आयोगापुढें त्यानें दिलेलें स्पष्टीकरण मान्य झालें नाहीं. त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली आणि तो विजय रद्द झाला. २०१७ सालीं तपासणींत पुन्हां दोष निघाला. त्या खेपेस दूषित पूरक औषधामुळें तसें घडलें, असा निष्कर्ष २०१८ मध्यें निघाला. पण बंदी मात्र त्याला भोगावीच लागली. वाइडमनपुढील दोन्ही पराभवांनीं सिल्वाचें नांव लहान झालें नाहीं. २०१५ च्या तपासणीनें मात्र, आधींच्या निष्कलंक विजयांकडेही कांहीं लोक संशयानें पाहूं लागले. मल्लाला जमीन दाखविणें प्रतिपक्षाच्या हातीं असतें. संशयाला जागा देणें मात्र त्याच्या स्वतःच्याच हातीं असतें.

उतार सुरू झाला तो थांबला नाहीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें लंडन येथें तिसऱ्या फेऱ्याच्या अखेरीस त्यानें मायकेल बिस्पिंग याला गुडघ्यानें खालीं पाडलें आणि झुंज संपली असें समजून तो जाळीवर चढून आनंद करूं लागला. झुंज संपली नव्हती. ती पुढें चालली आणि तो गुणांवर हरला. २०१९ मध्यें मेलबर्न येथें, त्याला आदर्श मानणाऱ्या इस्रायल अडेसान्या यानें त्याला हरविलें. ऑक्टोबर २०२० मध्यें युराया हॉल यानेंही त्याला पाडलें आणि जिंकणारा हॉल स्वतःच डोळ्यांतून पाणी काढूं लागला. त्यानंतर संस्थेनें सिल्वाला निरोप दिला. पुढील एप्रिलांत याच हॉलला लाथ मारतांना वाइडमनचा पाय अगदीं सिल्वाप्रमाणेंच मोडला. त्या वेळीं वाइडमनला जाहीरपणें धीर देणाऱ्यांत सिल्वा होता.

आणि मग, आतां सर्व संपलें असें वाटत असतांना, जून २०२१ मध्यें हा सेहेचाळीस वर्षांचा मल्ल मेक्सिकोंतील ग्वादालाहारा येथें केवळ मुष्टियुद्धाच्या रिंगणांत उतरला आणि माजी जगज्जेता हूलिओ सेसार चावेझ कनिष्ठ याला त्यानें पंचांच्या बहुमतानें हरविलें. त्याच रिंगणांत पुढच्या वर्षीं त्याला हारही खावी लागली. २०२३ मध्यें अल्टिमेट संस्थेनें आपल्या सन्मानमालिकेंत त्याचें नांव कोरलें. जून २०२४ मध्यें साओ पावलो येथें, त्याच्या जन्मगांवीं, एक प्रदर्शनीय लढत झाली. समोर होता तोच चेल सॉनन, ज्यानें एके काळीं त्याला शिव्यांनीं व ठोशांनीं झोडपलें होतें. लढत बरोबरींत सुटली. वैराची धग निवाली होती, दोघेही प्रौढ झाले होते.

श्रोतेहो, तरुणांनीं सिल्वाच्या चढत्या काळाकडे पाहून चपळाई शिकावी, हें योग्यच आहे. पण त्याहूनही अधिक शिकण्याजोगें त्याच्या दोन पराभवांत आहे. २००३ च्या पराभवांतून तो विद्यार्थी होऊन उठला, म्हणून पुढें दहा वर्षें टिकला. २०१३ सालीं आपल्याला आतां शिकण्यासारखें उरलें आहे, याचा त्याला विसर पडला होता. ज्याचे हात खालीं असतात, त्याची नजर तरी जागी असावी लागते. आणि नजर मंद झाली कीं हात वर घ्यावे, एवढा विवेक त्या दिवशीं सुटला.