छातीतली कळ आणि कामाचा खाडा



दुखण्याखुपण्याचा विषय डॉक्टरांनी मांडावा, हे मला मान्य आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु ह्या विषयाची एक बाजू दवाखान्यात दिसत नाही, कारण ती माणूस तिथे पोचण्यापूर्वीच घडून गेलेली असते. छातीत कळ आली आणि दवाखान्याचा उंबरठा ओलांडला, ह्या दोहोंच्या दरम्यान किती तास गेले आणि ते का गेले, एवढेच मला आज बोलायचे आहे.

पेण-रोह्याकडे पाठ न दुखणारा माणूस शोधावाच लागेल. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत सणाअगोदर रात्री जागून मूर्तीपुढे वाकणारा कारागीर, मिठागरातला मजूर, लावणीला दिवसभर ओणवी राहणारी बाई, धाटावच्या वसाहतीत पिंपे हलवणारा कंत्राटी कामगार. ह्या सर्वांच्या पाठीला आपल्याकडे एकच निदान, उसण भरली. आणि छातीला एकच, गॅस धरला. बहुतेक वेळा ते खरेही असते, आणि म्हणूनच ज्या वेळी ते खरे नसते त्या वेळी घात होतो.

पाठीचे आधी सांगतो, कारण तिथे बहुधा सबुरी चालते. ओझे उचलताना भरलेली उसण काही आठवड्यांत ओसरते, आणि अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहणे बरे, असे आजचे वैद्यक सांगते. मात्र पायांतली शक्ती जाऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तिथे मज्जातंतू दाबले गेलेले असतात, आणि उशीर झाल्यास ते पूर्ववत होतीलच असे नाही. पडल्यानंतरची किंवा रात्रीही विसावा न देणारी पाठदुखी घरी काढू नये. सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मुळीच नको. क्षय हा मणक्यालाही होतो.

छातीचा हिशेब निराळा. लंडनच्या विल्यम हेबर्डन ह्या वैद्याचे एक टिपण १७७२ साली छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि माणूस उभा राहताच ते थांबते, असे त्याने नोंदवले. अडीचशे वर्षे झाली, तरी ती खूण आजही चालते. जिना चढताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे पित्ताचे समजू नये. ते नव्याने सुरू झाले असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे.

आणि जे बसूनही जात नाही, ज्यात छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, दरदरून घाम येतो, दम लागतो, मळमळते, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मधे उतरते, ते दुखणे उद्यावर टाकू नये. पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ गेली, तरीही तसेच. मधुमेह्यांना, वृद्धांना आणि बायकांना कधी कधी कळ फारशी येतच नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते. घरातली बाई असे म्हणाली की आपण तिला लिंबाचे सरबत देतो.

दुखण्याची जागा किती फसवते ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. लाल विंचू पायाला डसतो, पण माणूस दगावतो तो हृदय आणि फुप्फुसे हरल्यामुळे, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून पाहिले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरले. १९८६ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले.

आता तास का जातात ते. एका कारखान्यात, नाव घेत नाही, एका गड्याच्या छातीत दुखू लागले तेव्हा पाळी सुटायला तीन तास होते. पर्यवेक्षकाने पित्ताची गोळी दिली. गडी अडाणी नव्हता, रोजचे वर्तमानपत्र वाचणारा होता. पण त्या महिन्यात दोन खाडे पडलेले होते, आणि तिसरा पडता तर हजेरीचा भत्ता जात होता. त्याने पाळी पुरी केली, घरी जाऊन जेवला आणि पहाटे इस्पितळात गेला. तो वाचला, परंतु रक्ताची गुठळी अडली की हृदयाचा स्नायू तासातासाने मरतो, आणि गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच खरा गुण देते. त्याला पुन्हा ओझे उचलता आले नाही.

म्हणून १०८ क्रमांकाला फोन करावा; ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. दोघांच्या मधे फटफटीवर बसून जाऊ नये, स्वतः तर गाडी चालवूच नये. पहिला कार्डिओग्राम चांगला निघाला म्हणून हट्टाने घरी येऊ नये; तो पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणीही असते. आणि धाटावच्या बंधूंनो, नाकात वायू गेल्यावर छाती भरली तर रसायनाचे नाव चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. काही वायूंचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी दिसतो. तोवर माणूस घरी पोचून झोपलेला असतो.

राहिला रोजाचा प्रश्न. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विम्यात आजारपणी रोजाच्या सत्तर टक्के भत्ता, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, मिळतो. मात्र आजारपणाचे सुरुवातीचे दोन दिवस भत्त्यावाचूनचे असतात, आणि छातीच्या दुखण्यात निर्णय करायचा असतो तो नेमका पहिल्या दिवशी. ज्या कंत्राटी कामगाराचे विम्यात नावच नाही, त्याला तर सगळेच दिवस कोरडे. म्हणून आम्ही मालकांपाशी एवढेच लेखी मागतो की, छातीची तक्रार सांगून जो दवाखान्यात गेला, त्याचा त्या दिवशीचा खाडा मांडू नये, मग निदान गॅसचे का निघेना. दोन मालकांनी हे मान्य केले आहे. तिसऱ्याशी बोलणी चालू आहेत.