रशियन उपहासकथा : हसावे कोणाला?



अभिजात रशियन उपहासकथांच्या दालनातील तीन कथा आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ (१८४२) मधील अकाकी हा नकलनवीस पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवून घेतो. तो पहिल्याच रात्री लुटला जातो. दाद मागावयास गेला असता एक बडा अधिकारी असा गरजतो, की बिचारा अंथरूण धरतो आणि मरतो. चेखॉव्हच्या ‘कारकुनाचा मृत्यू’ (१८८३) या कथेत नाट्यगृहात शिंक येते आणि पुढील जनरलच्या टकलावर तुषार उडतात. जनरल ते मनावर घेत नाही. पण कारकून क्षमायाचना थांबवीत नाही. अखेर जनरल चिडून ओरडतो, आणि हा घरी जाऊन प्राण सोडतो. ‘सरडा’ (१८८४) मधील पोलीस अधिकाऱ्याचा न्याय, चावलेला कुत्रा जनरलकडचा की बेवारशी, यावर घटकेघटकेस पालटतो.

गोगोलने गरजणारा अधिकारी दाखविला. चेखॉव्हने दम मिळण्यापूर्वीच वाकलेले मन दाखविले.

असे हसू सत्तेला रुचत नाही. साल्तिकोव्ह-श्चेद्रिन यास १८४८ मध्ये लेखनापायी व्याटका येथे हद्दपार व्हावे लागले. झोश्चेन्को यास १९४६ मध्ये लेखकसंघातून काढण्यात आले.

आपणांपैकी पुष्कळांची हयात बदलीच्या गावी, कचेरीत गेली. घरी साहेबाची नक्कल करून आपण मनमुराद हसतो. खिडकीपलीकडे ताटकळलेल्या माणसाच्या घरी आपलीही नक्कल होत असेल काय, एवढी शंका या कथा मनात ठेवून जातात.