बँकेचा खातेउतारा मागा, वाचा आणि मग बोला



फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वगैरे धरून ५०९ रुपये ५० पैसे कपात झाली आणि हातात पडला दोन रुपयांचा चेक. पैसे गेले ते गेलेच, पण कशात गेले हे पट्टीवर लिहिलेलं होतं. म्हणून तर त्याविषयी बोलता आलं.

कांद्याची पट्टी आपण ओळ न् ओळ वाचतो. मग कर्जखात्याची पट्टी, म्हणजे खातेउतारा, का वाचत नाही? नोटीस आली की साहेबांना नुसतं विचारतो, "एवढी रक्कम झालीच कशी?" तोंडी विचारलं की उत्तरही तोंडीच मिळतं.

तेव्हा पहिलं काम लेखी अर्जाचं. कोऱ्या कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावे एवढंच लिहा: "माझ्या पीककर्ज खात्याचा, कर्ज उचलल्या तारखेपासून आजअखेर, उतारा मिळावा. व्याजाचा दर, व्याज कोणत्या मुदतीचं आहे आणि इतर आकार कशाबद्दल लावले, याचा तपशील द्यावा." खाते नंबर घाला. अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल तर बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ प्रमाणे प्रमाणित नक्कल मागावी.

कर्ज गावच्या सोसायटीचं असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ ध्यानात ठेवा. आपल्या व्यवहाराच्या नोंदी कचेरीच्या वेळेत फुकट पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. नकलेला मात्र ठरलेली फी पडते.

उतारा हातात आला की पेन्सिल घेऊन बसा आणि चार गोष्टी पाहा.

१. ऊसबिल : कारखान्यानं बिलातून कपात कोणत्या तारखेला केली आणि खात्यात जमा कोणत्या तारखेला झाली? मध्ये महिना गेला असेल तर त्या महिन्याचं व्याज तुमच्या नावे का, हे बिलाची नक्कल जोडून विचारा.

२. पीकविमा : खरीप २०२० पासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक झाला. पण नको असेल तर शेवटच्या तारखेच्या निदान सात दिवस आधी बँकेला लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं नसेल तर तक्रारीत दम राहत नाही. हप्ता कापला असेल तर पावती मागा. पीक आणि क्षेत्र बरोबर आहे का ते पाहा.

३. दंड : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापारी व नागरी बँकांना दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

४. इतर आकार : ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर प्रक्रिया, तपासणी, खातेपान असले आकार घेऊ नयेत, अशी सूचना बँकांच्या संघटनेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये केली होती. कापले असतील तर कारण लेखी मागा.

चूक दिसली तर तारीख, रक्कम आणि हरकत असं ओळीनं लिहून शाखेत द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. सोसायटीविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भांडण चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका. राज्य शासनानं २०२१ मध्ये ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याजाची सवलत दिली. अशा सवलतीचा सारा आधार मुदतीवर असतो. तीनशे रुपयांच्या वादापायी काही हजारांची सवलत घालवणं शहाणपणाचं नाही. मुदत जवळ आली असेल तर पूर्ण रक्कम भरा, पण "हरकत कायम ठेवून भरणा केला" असं लेखी देऊन पोच घ्या.

सातबारा ज्या पिशवीत ठेवता त्याच पिशवीत दरसालचा उतारा ठेवत चला. कधी ना कधी तो कामाला येईल.