दृष्टीची मुदत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांसमोर जमाखर्चाचा गोषवारा ठेवतो. यंदाचा गोषवारा आपल्या हाती असलेल्या अहवालात छापलेला आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती करीत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे बहुतेक आयुष्य खातेवह्यांच्या सहवासात गेले. तेव्हा आज आम्ही मेंदूच्या एका संशोधकाविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे. बालनेत्र विभागाच्या खर्चाविषयी आपल्यापैकी अनेकांनी एक रास्त प्रश्न विचारला. तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू इतक्या तातडीने का काढावयाचा? मूल जरा मोठे, सशक्त झाले की का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात डॉ. टॉर्स्टन वीझल यांनी आपल्या उमेदीचा फार मोठा काळ वेचला.

डॉ. वीझल यांचा जन्म १९२४ साली स्वीडनमधील उप्साला येथे झाला. त्यांचे वडील स्टॉकहोमच्या सीमेवरील एका मनोरुग्णालयाचे प्रमुख होते आणि कुटुंबाचा निवासही त्याच आवारात होता. कॅरोलिन्स्का संस्थेतून १९५४ साली वैद्यकीय पदवी घेतल्यावर पुढील वर्षी ते अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे १९५८ साली त्यांना डॉ. डेव्हिड ह्यूबल हे कॅनडात जन्मलेले सहकारी लाभले. एकेका चेतापेशीचे विद्युत्संदेश टिपता येतील इतकी सूक्ष्म टंगस्टनची तार डॉ. ह्यूबल यांनी त्यापूर्वीच तयार केली होती. पुढे या दोघांनी सुमारे वीस वर्षे एकत्र काम केले. १९५९ साली ते कफलर यांच्यासमवेत हार्वर्ड विद्यापीठात गेले.

डोळा पाहतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः डोळा प्रकाश टिपून संदेश धाडतो, आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिकेंद्रात चालते. त्या केंद्रातील पेशी कशास प्रतिसाद देतात हे जाणण्यासाठी या दोघांनी गुंगी दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांसमोर काचपट्टीच्या साहाय्याने ठिपके दाखविण्यास प्रारंभ केला. तासन् तास गेले, पेशी मूकच राहिली. मग एकदा काचपट्टी सरकविताना ध्वनिक्षेपकातून अकस्मात संदेशांचा कडकडाट झाला. बारकाईने पाहता उमगले की पेशीने ठिपक्यास प्रतिसाद दिला नव्हता. काचपट्टीच्या कडेची जी पुसट रेघ सरकत गेली, तिला तो दिला होता. तीही विशिष्ट दिशेने कललेली असेल तरच. कोणती पेशी उभ्या रेघेस, कोणती आडव्या, कोणती तिरप्या रेघेस जागी होते, याचा नकाशा त्यांनी पुढील अनेक वर्षे परिश्रमपूर्वक रेखाटला.

आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. वैद्यांना एक कोडे फार दिवसांपासून ठाऊक होते. वृद्ध माणसाचा मोतीबिंदू काढला की त्यास पूर्ववत् दिसू लागते. परंतु जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया काही वर्षांनी केली, तर डोळा निर्दोष होऊनही मुलास नीट दिसत नाही. हा प्रश्न रुग्णालयातून प्रयोगशाळेत आला, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी वीझल आणि ह्यूबल यांनी मांजराच्या पिलांची एक पापणी शिवून काही आठवडे बंद ठेवली व नंतर उघडली. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळा उत्तम होता, दृष्टिपटल कार्यरत होते, परंतु दृष्टिकेंद्रातील जवळजवळ एकही पेशी त्या डोळ्याचे ऐकत नव्हती. उघड्या राहिलेल्या डोळ्याने ती सारी जागा व्यापली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला असता असे काहीच घडले नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास मात्र अवघे तीन-चार दिवस डोळा झाकणेही पुरेसे ठरले. म्हणजे मेंदू पाहावयास शिकतो, आणि त्या शिकण्यास मुदत असते.

यातून दुसरीही गोष्ट कळली. दोन्ही डोळे बंद ठेवले, तर दृष्टिकेंद्राची हानी अपेक्षेहून कमी होते. याचा अर्थ, मेंदूतील जागेसाठी दोन डोळ्यांत स्पर्धा असते आणि एक डोळा दुबळा असला की दुसरा त्याचा वाटा घेतो. बाळाच्या एकाच डोळ्यास दोष असला की, ‘दुसऱ्याने दिसते आहे ना’ असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. धोका नेमका तेथेच अधिक असतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून ‘आळशी’ डोळ्यास कामास लावण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचे शास्त्रीय मर्मही यामुळे उलगडले.

या प्रयोगांत मुक्या जीवांना क्लेश झाले, हे विसरून चालणार नाही. त्यांचेही ऋण आपल्यावर आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच, की मिळालेले ज्ञान वाया जाऊ देऊ नये. १९८१ साली वीझल व ह्यूबल यांना रॉजर स्पेरी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे डॉ. वीझल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. डॉ. ह्यूबल २०१३ साली निवर्तले. डॉ. वीझल यांनी २०२४ साली वयाची शंभर वर्षे पूर्ण केली.

या संशोधनाने बालनेत्रोपचाराची दिशा बदलली. एका डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असल्यास सहा आठवड्यांच्या सुमारास आणि दोन्ही डोळ्यांत असल्यास दोन महिन्यांच्या आसपास शस्त्रक्रिया व्हावी, असे आज नेत्रतज्ज्ञ सर्वसाधारणपणे सांगतात.

मग ज्या मुलांची ही मुदत टळली, त्यांचे काय? येथे एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आदराने घ्यावयास हवे. दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर व अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्राध्यापक झालेले डॉ. पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम भारतात सुरू केला. जन्मापासून दृष्टी नसलेल्या, परंतु उपचारयोग्य मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करविल्या आणि नंतर ती मुले कशी पाहू लागतात याचा अभ्यास केला. २०११ साली त्यांच्या गटाने आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांविषयी निबंध प्रसिद्ध केला. दृष्टी मिळाल्यावर, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना लगेच जमले नाही, पण थोड्याच अवधीत जमू लागले. अशा मुलांची दृष्टी सहसा पूर्णतः सामान्य होत नाही, तरीही जगण्यास उपयोगी पडेल इतकी सुधारू शकते. तेव्हा उशिराने आलेल्या मुलास ‘आता वेळ गेली’ म्हणून परत पाठविणे हेही योग्य नव्हे.

आता जमाखर्चाकडे वळतो. इमारतीचा रंग, कार्यालयाचे फर्निचर, वाहनाची दुरुस्ती हे खर्च आम्ही प्रसंगी पुढील वर्षावर ढकलतो, आणि त्याने फारसे बिघडत नाही. बाळाच्या डोळ्याचा खर्च असा पुढे ओढता येत नाही. पुढील वर्षी दुप्पट रक्कम उभी केली, तरी या वर्षीचे ते आठवडे विकत मिळत नाहीत.

दुसरी बाब अशी की शस्त्रक्रिया ही या कामाची केवळ सुरुवात असते. त्यानंतर चष्मा लागतो, मूल वाढते तसा तो पुनःपुन्हा बदलावा लागतो. पट्टी लावावी लागते, वर्षानुवर्षे तपासणीस यावे लागते. खेड्यातून येणाऱ्या मातेस त्या दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे सोसावे लागते. शस्त्रक्रियेसाठी देणगी देणारे हात पुष्कळ आहेत. चष्म्याच्या तिसऱ्या जोडीसाठी आणि प्रवासखर्चासाठी देणारे थोडे. आमची नम्र विनंती आहे की या मागच्या बाकावरील खर्चाकडेही आपण कृपादृष्टीने पाहावे. त्यावाचून आधीचा मोठा खर्च निष्फळ ठरू शकतो.

रुग्णांच्या आप्तजनांना एवढेच सांगणे आहे. बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली, दोन-तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसले, डोळे सतत थरथरत असले किंवा तिरळे वाटले, तर ‘मोठे झाल्यावर सुधारेल’ या भरवशावर राहू नका. तिरळेपणास भाग्याचे लक्षण मानणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात. त्यांचा मान राखावा, पण बाळास त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पैशाची अडचण असल्यास आमच्या समाजसेवा विभागाशी बोलावे. संकोच करू नये.

एका शास्त्रज्ञाने आयुष्यभर खपून दृष्टीची मुदत जगास दाखवून दिली. ती पाळणे हे आपणा सर्वांचे काम आहे. आपल्या सहकार्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.